वर्धेवरच्या पुलावरून जाणारी मालगाडी: लेन्स घेण्याआधी जागा शोधा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही राजुरा तालुक्यातले. ऱ्हाइन नदीतल्या मालवाहू बोटींचे फोटो पाहिले आणि तसं काही आपल्या नदीवर करावंसं वाटलं. वर्धेत बोट म्हणजे ढिवरांचा, म्हणजे मासेमारांचा, डोंगा. म्हणून बल्लारशाजवळच्या रेल्वे पुलावरून जाणाऱ्या मालगाड्या काढायला घेतल्या. गेले काही महिने सुट्टीच्या दिवशी नदीवर जाता, पण फोटोत गाडी बारीक येते, आभाळ पांढरंफटक येतं, आणि चार वेगवेगळ्या दिवशी काढलेले चार फोटो एकाच दिवसाचे वाटतात. तुमच्याकडे २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरचा) कॅमेरा आहे, १८-५५ आणि ५५-२५० मिमी अशा दोन लेन्स आहेत. आता १५०-६०० ही दूरचं जवळ आणणारी मोठी लेन्स घ्यावी का, असं विचारलंय.

आत्ता घेऊ नका. पैसे वाचवायला सांगत नाही. तुमच्या फोटोंत जे कमी आहे ते त्या लेन्सने येणार नाही.

ज्या बोटींच्या फोटोंनी तुम्हाला ओढलं, ते पुन्हा एकदा उघडून पाहा. जर्मनीतल्या ड्युइसबुर्ग बंदराकडे कोळसा किंवा लोहखनिज घेऊन निघालेली बोट पाण्यात इतकी खाली बसलेली असते की काठ आणि पाणी यांच्यात जेमतेम पट्टी उरते. तीच बोट रिकामी परतताना उंच तरंगते आणि तिचं लाल-काळं पोट उघडं पडतं. बघणाऱ्याला बोटींतलं काही कळत नसलं तरी कोणती भरलेली आणि कोणती रिकामी हे नजर टाकताच कळतं. वजन दिसतं, आणि ते दिसलं की नदी कामाची वाटायला लागते.

तुमच्या चारही फोटोंत मला एकही गाडी भरलेली की रिकामी हे सांगता आलं नाही. गाडी आहे, माल नाही. माझ्या मते खरी अडचण हीच आहे, आणि ती उभं राहण्याच्या जागेची अडचण आहे.

कोळशाच्या गाडीत हे कसं दाखवायचं ते सांगतो. आपल्याकडे कोळसा बहुतेक उघड्या बॉक्सएन वॅगनमधून किंवा खालून उघडणाऱ्या बीओबीआर वॅगनमधून जातो. बॉक्सएनची वरची कड रुळापासून सव्वातीन मीटरच्या आसपास असते. कोळसा मधे उंच आणि कडेला उतरता भरलेला असतो. ढीग कडेच्या किती वर येतो हे भरण्यावर अवलंबून, कधी वीतभर, कधी हातभर. सायलोखाली, म्हणजे वरून कोळसा सोडणाऱ्या उंच टाकीखाली, भरलेल्या रेकचे (वॅगनच्या अख्ख्या माळेचे) ढीग एकसारखे, ओळीने येतात. सायडिंगवर (माल भरायच्या बाजूच्या रुळावर) पेलोडर यंत्राने भरलेल्या रेकमध्ये प्रत्येक वॅगनला दोन-तीन वेगळे उंचवटे दिसतात, कारण बकेट जिथे रिकामी झाली तिथे ढीग पडतो. रिकाम्या रेकची वरची रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ जाते. ही वरची रेघ म्हणजे तुमच्या बोटीची पाण्याची रेघ. ती फोटोत आली पाहिजे.

आता तुम्ही उभे कुठे राहता ते पाहा. दुसऱ्या फोटोवरून वाटतं की तुम्ही पुलाच्या जवळ, नदीपात्रातल्या रेतीत उभे आहात. तिथून वर पाहिलं की वॅगनची बाजू दिसते आणि मधला ढीग कडेआड लपतो. हिशोब सोपा आहे. वॅगनची कड तुमच्या डोळ्यांपासून १४ मीटर वर आहे आणि ढीग कडेपेक्षा अर्धा मीटर उंच आहे असं धरा. मग तो ढीग दिसायला पुलापासून निदान ४५-५० मीटर मागे सरकावं लागतं. ढीग वीतभरच असेल तर सव्वाशे मीटरच्याही मागे जावं लागतं. म्हणून मी पूल लांबून काढतो, पायथ्यापासून नाही. काठावर जिथे जमीन चढते, पांदण रस्ता उंचावरून जातो किंवा एखाद्या शेताचा धुरा (बांध) पुलाच्या पातळीला येतो, तिथे तर ढिगाचा वरचा भागही दिसतो. शेतात शिरण्याआधी मालकाला विचारा. तूर उभी असेल तर धुऱ्यावरूनच चाला.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, मागे सरकलं की गाडी आणखी बारीक होणार, मग मोठी लेन्स लागणारच. आकडे पाहा. तुमच्या सेन्सरवर २०० मीटर अंतरावरून ५५ मिमीला साधारण ८० मीटर रुंदीचं दृश्य मावतं. बॉक्सएन वॅगन पावणेअकरा मीटरला थोडी कमी, म्हणजे सात-आठ वॅगन, खालचे खांब आणि पाणी. १०० मिमीला चार वॅगन. २५० मिमीला दीड वॅगन, फक्त १८ मीटर. एवढ्या जवळून भरलेल्या वॅगनच्या दबलेल्या स्प्रिंगासुद्धा वाचता येतात. म्हणजे तुमच्याकडच्या दोन लेन्सच २०० मीटरवरून सगळं करू शकतात. ६०० मिमी लागेल ती एक किलोमीटरवरून काढताना, आणि आपल्या भागात मधल्या एक किलोमीटर हवेतून काय शिल्लक राहतं ते पुढे सांगतो.

पूर्ण रेक एका चौकटीत घ्यायचा मोह मात्र सोडा. ५८ वॅगन, इंजिन आणि गार्डचा डबा मिळून गाडी साडेसहाशे मीटरच्या घरात जाते. ती अख्खी घेतली की माल दिसत नाही, फक्त एक तपकिरी दोरी दिसते. इंजिन प्रत्येक फोटोत पाहिजे असंही नाही. मालगाड्यांचे फोटो काढणारे बहुतेक जण इंजिनच्या नंबरामागे असतात. तो वेगळा छंद आहे आणि मला त्याचा आदर आहे. पण तुम्हाला नदी आणि माल हवा आहे, तर गाडीचा मधला भाग, ज्यात ढिगांची लाट एका काठापासून दुसऱ्या काठाकडे जाते, तो जास्त बोलतो.

उजेडाचं गणित जागेवर अवलंबून आहे, पण बल्लारशाहून माणिकगडकडे जाणारी लाइन ढोबळमानाने उत्तर-दक्षिण आहे. म्हणजे सकाळी गाडीची पूर्वेकडची बाजू उजळते, दुपार टळली की पश्चिमेकडची. सकाळी पुलाच्या पूर्वेला, प्रवाहाच्या खालच्या अंगाला उभे राहा, सायंकाळी पश्चिमेला, वरच्या अंगाला. तुमचे चारही फोटो एकाच घाटावरून आणि, सावल्यांवरून वाटतं, सकाळी दहा ते बाराच्या मधे काढलेले आहेत. त्या वेळी उजेड वरून पडतो, वॅगनची बाजू अंधारात जाते आणि कोळसा चकाकून राखाडी दिसतो. कोळशाला आडवा उजेड पाहिजे. सूर्य वर आल्यावर पहिला दीड तास आणि मावळण्याआधीचा दीड तास. तेव्हा प्रत्येक ढेकळाला स्वतःची सावली पडते आणि काळ्या रंगात खोली येते.

सूर्य गाडीच्या मागे असताना काढलेला फोटोही मला तितकाच आवडतो. तेव्हा वॅगनची बाजू पूर्ण काळी होते आणि वरची रेघ आकाशावर कोरल्यासारखी उठते. भरलेली की रिकामी हे अशा फोटोत सगळ्यात स्पष्ट कळतं. धुळीचा हलका पदर ढिगावरून मागे उडत असेल तर तोही उजळतो. मागे आकाश पाहिजे, झाडं नकोत, एवढं बघा.

आता हवा. या विषयावर मी जास्त बोलणार आहे, कारण आपल्या भागात फोटो बिघडतो तो इथेच.

एप्रिल-मे मध्ये चंद्रपूर-बल्लारपूरकडे पारा ४५-४६ च्या पुढे जातो हे तुम्हाला सांगायला नको. सकाळी साडेआठ-नऊनंतर रेती, गिट्टी आणि पुलाचं लोखंड तापतं, आणि त्यांच्यावरची हवा थरथरायला लागते. त्या थरथरीतून २५० मिमीने काढलेला फोटोसुद्धा ओला झाल्यासारखा येतो. लोक लेन्सला दोष देतात, फोकस तपासतात, स्टँड आणतात. काही उपयोग होत नाही, कारण गडबड मधल्या हवेत असते आणि अंतर वाढलं की ती वाढते. १५०-६०० घेऊन एक किलोमीटरवरून काढाल तर पूर्ण उन्हाळा हेच पदरात पडेल. उन्हाळ्यात जवळचं काढा: ५५ मिमी, शंभर-दीडशे मीटर, आणि नऊच्या आत घरी.

हिवाळ्यात उलटी अडचण. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी थंड हवा खाली बसते आणि चिमण्यांचा धूर, शेकोट्यांचा धूर, कोळशाच्या रस्त्यांवरची धूळ, सगळं नदीच्या वर थर करून राहतं. तुमच्या पांढऱ्याफटक आभाळाचं कारण तेच. ही धुरकट हवा गाडीच्या पाठीमागून उजेड आला की कामाची होते: जवळचे खांब गडद, मधली गाडी राखाडी, पलीकडचा काठ फिका, असे पदर पडतात. पण गाडीवर तुमच्या बाजूने उजेड पडत असेल तर तीच हवा सगळं सपाट करते. म्हणून हिवाळ्यात सकाळी सूर्याकडे तोंड करून काढा, आणि सूर्य तुमच्या पाठीशी असतानाचा फोटो सायंकाळसाठी ठेवा, तोपर्यंत वाऱ्याने थर मोडलेला असतो.

हिवाळ्याची आणखी एक देणगी म्हणजे डोह. पाणी आटून एका बाजूला जातं, रेती उघडी पडते आणि पुलाच्या काही गाळ्यांखाली, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेत, पाणी थांबलेलं राहतं. सकाळी वारा पडलेला असताना त्यात गाडी उलटी दिसते. कोणत्या गाळ्याखाली पाणी आहे हे दरवर्षी बदलतं, कारण पूर आणि रेतीचा उपसा पात्र बदलतात. मागच्या वर्षीची जागा गृहीत धरू नका. पोलरायझर फिल्टर लावत असाल तर फिरवून पाहा. पाण्यावरची चकाकी घालवताना तो प्रतिबिंबही पुसून टाकतो, वर दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा).

माझा सगळ्यात आवडता काळ म्हणजे पाऊस ओसरताना, सप्टेंबरचा शेवट ते दिवाळी. हवा धुतलेली असते, नदी काठोकाठ आणि अजून गढूळ असते, काठावर कास फुललेलं असतं, शेतात पऱ्हाटी कमरेएवढी झालेली असते. त्या हिरव्यापुढे काळा कोळसा आणि गंजलेल्या रंगाच्या वॅगन जशा दिसतात तशा वर्षभरात दुसऱ्या कधी दिसत नाहीत. दूरची लेन्स वापरायची असेल तर ती याच दिवसांत. सरी थांबल्यावर तासाभरात तर हवा काचेसारखी होते.

पावसाळ्यात भर पुरात जायचं असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बल्लारशाजवळ वर्धा एकटी येत नाही. घुग्घुसच्या बाजूला वढ्याला पैनगंगा तिला मिळालेली असते आणि पुढे हडस्तीजवळ इरई. तुमच्या गावात पाऊस नसला तरी इसापूर, अप्पर वर्धा किंवा इरई धरणाचे दरवाजे उघडले की इथे पाणी चढतं. बल्लारपूर-राजुरा रस्ता पुरात बंद पडतो हे तुम्ही दरवर्षी बघता. धरणाच्या विसर्गाची बातमी ऐकल्याशिवाय पात्रात उतरायचं नाही, आणि काठावर उभं राहताना मागे निघायची वाट मोकळी ठेवायची. काळ्या मातीचा काठ खालून पोखरलेला असतो आणि वरून धड दिसतो.

गाडी कधी येईल, हा तुमचा दुसरा प्रश्न. मालगाडीला लोकांसाठी छापलेलं वेळापत्रक नसतं. एनटीईएसवर, म्हणजे गाडी कुठे आहे ते दाखवणाऱ्या रेल्वेच्या साइटवर, प्रवासी गाड्या दिसतात, मालगाड्या नाहीत. पण त्या प्रवासी गाड्यांवरूनच अंदाज बांधता येतो. ही दिल्ली-चेन्नई मुख्य लाइन आहे, एक्सप्रेसना आधी वाट मिळते, आणि तोवर मालगाड्या लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, उभ्या असतात. लागोपाठ दोन-तीन एक्सप्रेस निघून गेल्या आणि पुढे बराच वेळ कोणतीच नाही, असा मोकळा पट्टा वेळापत्रकात शोधा. त्यात मालगाड्या एकामागून एक सुटतात. बल्लारशाला मालगाड्या यार्डात बराच वेळ थांबतात, त्यामुळे तिथून निघालेली गाडी पुलावर येताना हळू असते, आणि दक्षिणेकडून येणारी, समोर सिग्नल मोकळा असेल तर, वेगात.

कोणत्या बाजूने भरलेली येईल याचाही अंदाज घ्यायचा. दक्षिणेकडून तेलंगणातल्या सिंगरेणी खाणींचा कोळसा वर येतो, रिकाम्या रेक खाली जातात. पण राजुरा तालुक्यातच सास्ती-पौनीच्या खाणी आहेत, आणि वणी-माजरी पट्ट्यातला कोळसा वेगळ्या दिशांना जातो, त्यामुळे डोळे झाकून धरू नका. सिमेंट आणि धान्य बंद बीसीएन वॅगनमधून जातं, त्यात ढीग वगैरे काही दिसणार नाही. तिथे माल दाखवायचा तर सायडिंगजवळचा रस्ता पाहावा लागतो, पूल नाही. आवाज ओळखायला शिका. रिकामी रेक खडखडते, वॅगन-वॅगनमधले ठोके वेगवेगळे ऐकू येतात. भरलेली रेक दबका, सलग आवाज करत येते आणि पायाखालच्या जमिनीत आधी जाणवते. सरावाने गाडी दिसायच्या आधी कळतं आणि कॅमेऱ्याची तयारी करायला अर्धा मिनिट मिळतो.

सेटिंग थोडक्यात, कारण त्यात फार दम नाही. ताशी ६० किमीने जाणारी गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते, १/१००० सेकंदात पावणेदोन सेंटिमीटरच्या आत. २०० मीटरवरून ५५ मिमीला तुमच्या फोटोतला एक पिक्सेल साधारण सव्वा सेंटिमीटरचा होतो. म्हणजे १/१००० ला गाडी धारदार येते, १/५०० ला दोन-अडीच पिक्सेल सरकते, जे छापील फोटोत कळतही नाही. २५० मिमीला मात्र एक पिक्सेल तीन मिलिमीटरचा होतो. तिथे १/४००० नेही किंचित सरकणारच, त्यामुळे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत १/१००० वर काढलेला बरा. एफ ८, आयएसओ ४०० ते ८००, रॉ फाइल. पांढरं आभाळ चौकटीत असलं की कॅमेरा फसतो आणि गाडी काळी करतो. तेव्हा एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा आणि हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर) आभाळ अगदी उजव्या भिंतीला चिकटू देऊ नका. त्याहून सोपा उपाय म्हणजे आभाळच कमी घ्या. उंचावरून काढलं की मागे पलीकडचा काठ येतो.

गाडी एका ठिकाणाहून पूर्ण जायला ६० च्या वेगाने चाळीसएक सेकंद लागतात. इंजिन दिसताच बटण दाबून धरलं तर तुमच्या कॅमेऱ्याचा बफर (आतली तात्पुरती मेमरी) काही सेकंदांत भरतो आणि चांगले ढीग पुढे येतात तेव्हा कॅमेरा कार्डावर लिहीत बसलेला असतो. एकेक फोटो काढा. विजेचे खांब पुलावर ठरावीक अंतराने येतात. दोन खांबांच्या मधे तुम्हाला हवा तो वॅगन आला की दाबा.

स्टँड नेऊ शकता, पण रस्त्याच्या पुलावर त्याचा उपयोग नाही. कोळशाचा ट्रक गेला की सगळा पूल हादरतो आणि स्टँड तो हादरा जसाच्या तसा कॅमेऱ्याला देतो. हातात धरलेला कॅमेरा तिथे बरा. शेतात किंवा काठावर मी कापडी पिशवीत किलोभर तूर भरून नेतो. ती दगडावर, मोटरसायकलच्या सीटवर, कुठेही बसते.

आता माणसांबद्दल, आणि हे मला सेटिंगपेक्षा महत्त्वाचं वाटतं. ऱ्हाइनच्या फोटोंत नदी म्हणजे रस्ता आहे. आपली वर्धा अजून घराचं अंगण आहे: डोंगा घेऊन जाळं टाकणारे, कपडे धुणाऱ्या बाया, म्हशी, दशक्रियेला आलेली माणसं. मालगाडी त्यांच्या डोक्यावरून जाते आणि कुणी वर पाहत नाही. तो फोटो जगात दुसरीकडे मिळायचा नाही. ५५ मिमीला एफ ८ वर २० मीटरवर फोकस ठेवलात तर १० मीटरपासून अगदी दूरपर्यंत सगळं चालेल इतकं स्पष्ट येतं, म्हणजे डोंग्यातला माणूस आणि वरचे ढीग दोन्ही. पण आधी बोला. "मामा, गाडीचा फोटो काढतो, तुम्ही पण येता त्यात, चालते का?" एवढं पुरतं. कपडे धुणाऱ्या बायांकडे कॅमेरा वळवायचाच नाही, आणि दहाव्याच्या घाटाकडे तर मुळीच नाही. ज्यांचा फोटो आला त्यांना छापून नेऊन द्या. पोस्टकार्ड आकाराच्या फोटोला फार पैसे लागत नाहीत, आणि पुढच्या वेळी तेच तुम्हाला पाणी कुठे खोल आहे ते सांगतात.

रेतीघाटावर जास्त जपून. पात्रात ट्रॅक्टर भरत असतील तर गळ्यात कॅमेरा घेऊन तिथे उतरू नका. "काय जी, कोणत्या पेपरचे?" असा प्रश्न आला तर भांडणाच्या आधीची ती सूचना समजा. शांतपणे सांगा की रेल्वेचे फोटो काढतो, मागचे फोटो दाखवा, आणि त्या दिवशी जागा बदला.

कायद्याचं स्पष्ट सांगतो. पुलावर किंवा रुळावर चढायचं नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली विनापरवाना शिरण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पण खरं कारण ते नाही. गाडी आली तर मोठ्या पुलाच्या मधे बाजूला व्हायला जागा नसते, आणि आपल्या भागात असे जीव गेलेले आहेत. ओव्हरहेड वायरमध्ये २५,००० व्होल्ट असतात. पादचारी पुलावरून काठीला कॅमेरा बांधून पुढे काढणं, ओली छत्री वर धरणं, यातलं काही करायचं नाही. दोन मीटरच्या आत गेलं की न शिवताही झटका बसू शकतो. ड्रोनचं विचारलंत: ड्रोन नियम २०२१ प्रमाणे उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी साइटच्या नकाशावर झोन पाहावाच लागतो, आणि हा पट्टा वीज केंद्र, खाणी आणि भद्रावतीच्या आयुध निर्माणीचा आहे. मी चालत्या लाइनवर ड्रोन नेत नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. वीज केंद्राच्या कुंपणाकडे आणि निर्माणीकडे तर साध्या कॅमेऱ्याचंही तोंड करू नका.

एकच पूल धरून बसायची गरज नाही. माजरीहून वणीकडे जाणारी लाइनही वर्धा ओलांडते. तिथे गाड्या कमी, थांबावं जास्त लागतं, पण जवळजवळ सगळी वाहतूक कोळशाची आणि भोवती कापसाची शेतं. बल्लारशाच्या पुलावर वर्दळ आहे म्हणून सराव तिथे करा. एकदा आवाज आणि ढीग ओळखता यायला लागले की वणीच्या बाजूला एक पूर्ण दिवस द्या. वैनगंगा-प्राणहिता २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याच्या यादीत आहे, त्यावरून कुणी तिकडे मालवाहू बोटी शोधायला पाठवत असेल तर जाऊ नका. तिकडची नदी सुंदर आहे, बोट मात्र डोंगाच.

आणि १५०-६०० चं म्हणाल तर पुढच्या दिवाळीपर्यंत थांबा. पाऊस ओसरतानाचा एक पूर्ण हंगाम ५५-२५० वर काढा. तेव्हाही हवा स्वच्छ असताना, योग्य काठावरून, २५० मिमी सतत कमी पडते आहे असं फाइल बघून दिसलं तर घ्या, मग ती वापरली जाईल. तोवर त्या पैशांतला थोडा भाग पेट्रोलला, धूळ उडवायच्या एका चांगल्या ब्लोअरला आणि पावसाळी कव्हरला घाला. कोळशाची धूळ लेन्सच्या रिंगमध्ये शिरते, म्हणून नदीवर असताना लेन्स बदलू नका. दिवसाला एकच लावून जा.

पुढचे फोटो टाकाल तेव्हा सोबत चार गोष्टी लिहा: कोणत्या काठावरून काढला, किती वाजता, गाडी कोणत्या दिशेला चालली होती, आणि तुमच्या अंदाजाने ती भरलेली होती की रिकामी. शेवटचं उत्तर आधी झाकून ठेवा. मी फोटो पाहून माझं सांगतो, मग तुमचं उघडा.